राखेला हात लावू नका

बोईसरच्या माणसाच्या घरात रात्री खिडकीच्या काचा थरथरल्या की तो तीन प्रश्न विचारतो, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. अणुकेंद्र? भूकंप? की एमआयडीसी? पहिल्याचं उत्तर आजवर "नाही" असंच आलंय, देवाची कृपा. दुसऱ्याचं उत्तर नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले तेव्हापासून बऱ्याचदा "हो" असं यायला लागलं. आणि तिसऱ्याचं किती वेळा "हो" आलं हे मोजणं मी सोडून दिलंय.

११ जानेवारी २०२० ला शनिवार होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, मी घरी प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहीत बसलेलो. संध्याकाळी सातच्या सुमारास जो आवाज झाला, त्याने आमच्या कपाटावरची सुटकेस खाली आली. कोळवडे गावाच्या बाजूला, एमआयडीसीत, बांधकाम चालू असलेल्या एका औषध कंपनीत स्फोट झाला होता. आठ माणसं गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, ८ मार्च २०१८ च्या रात्रीच्या स्फोटात तीन गेली होती. २०२० ला मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली. मी ती बातमी हात जोडलेल्या चिन्हासकट चार ग्रुपवर फॉरवर्ड केली आणि पुन्हा रिपोर्टकडे वळलो. माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता. आग लागली, विझली, पैसे जाहीर झाले. अजून काय असतं?

अजून काय असतं ते मला मार्च २०२२ मध्ये कळलं. काकांचं दुकान जळालं तेव्हा.

काकांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. नवापूर रोडच्या आतल्या बाजूला आठ गाळ्यांची एक ओळ होती, त्यातला चौथा गाळा त्यांचा. पहाटे अडीचला शॉर्टसर्किट झालं, म्हणजे निदान पंचनाम्यात तरी तसं लिहिलंय. एमआयडीसीचे बंब येईपर्यंत पाच गाळे गेले. जीवितहानी नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि त्यातही गाळ्यांची संख्या चुकली होती.

पहिल्या आठवड्याबद्दल कुणाला काही बोलायला जागा नाही. लोक खरंच धावून येतात. शेजारच्या सोसायटीतून दोन्ही वेळचा डबा आला. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर मी न सांगताच कुणीतरी वर्गणी काढली आणि तासाभरात यूपीआयने एकवीस हजार जमले. काकूच्या भिशीतल्या बायका रोज येऊन बसत होत्या. आणि गिऱ्हाईकं! त्यातली निम्मी चौकशीला यायची आणि निम्मी विचारायला, "आमची मार्कशीट तुमच्याकडे राहिली होती हो, लॅमिनेशनला दिलेली…" काका प्रत्येकाची हात जोडून माफी मागत होते. त्या मार्कशीटांचा विमा कुठली कंपनी करणार?

चौथ्या दिवशी एक माणूस आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, काखेत जुनी फुगलेली फाईल. पालघरला त्यांचं पडदे-चादरींचं दुकान आहे, ते काही वर्षांपूर्वी असंच जळालं होतं. आमच्यापैकी कुणीही त्यांना ओळखत नव्हतं. पेपरातल्या त्या चार ओळी वाचून, पत्ता शोधत, शटल पकडून ते आले होते. आम्ही मनातल्या मनात त्यांचं नाव पडदेवाले भाई ठेवलं ते कायमचं. आम्ही तेव्हा दोन मजूर लावून दुकान साफ करायला घेतलं होतं, कारण नुसतं बघत बसवत नव्हतं. भाईंनी चप्पलही न काढता विचारलं, "सर्व्हेअर येऊन गेला?" काका म्हणाले, "नाही अजून." भाई म्हणाले, "मग थांबवा हे. राखेला हात लावू नका. ती राख म्हणजेच तुमचा माल आहे आता."

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बँकेने नाही, विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवरच्या मुलीने नाही, आणि डबे घेऊन येणाऱ्यांनी तर नाहीच नाही. त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. जळलेल्या कागदाचे गठ्ठे एकावर एक असतात, बाहेरून काळे झाले तरी मधे पांढरे राहतात, त्यावरून सर्व्हेअरला किती रिमं होती याचा अंदाज येतो. आम्ही त्यातले दोन ट्रॉली कचऱ्यात घालून बसलो होतो.

मला म्हणायचंय ते साधारण हेच आहे. आग लागलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग कुणाचा होतो? पैसे देणाऱ्याचा होतो, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त होतो आधी जळलेल्याचा. आणि आपल्याकडे हा आधी जळलेला माणूस भेटणं निव्वळ नशिबावर सोडलेलं आहे.

आता आमच्या केसची गंमत ऐका. काकांचं बँकेत कॅश क्रेडिट खातं होतं, सहा लाखांचं. मालावर बोजा बँकेचा, त्यामुळे विमा बँकच उतरवायची आणि हप्ता खात्यातून परस्पर वळता व्हायचा. पॉलिसीचा कागद काकांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो पाहिला आगीनंतर. त्यावर पत्ता होता जुन्या दुकानाचा, जे २०१९ मध्येच सोडलं होतं. जुलैमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं: ज्या जागी नुकसान झालं ती जागा पॉलिसीत नाही, सबब दावा नामंजूर. बँक म्हणाली, पत्ता बदलल्याचं तुम्ही कळवायला हवं होतं. काका म्हणाले, मी कळवलं होतं. कागद आहे? कागद दुकानात होता. दुकान कुठे आहे? तर, असं ते वर्तुळ.

त्या दिवशी काका मला म्हणाले, "जाऊ दे रे. गावाकडची जमीन थोडी काढू." आणि आतल्या खोलीत जाऊन झोपले, भर दुपारी. मी त्यांना तोवर कधीच दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी भाईंना फोन लावला. ते अजिबात दचकले नाहीत. म्हणाले, "पहिलं पत्र नकाराचंच येतं असं धरून चाला. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देत होतात ना? त्यावर पत्ता कुठला असायचा?" नव्या दुकानाचा! "बँकेचा साहेब वर्षातून एकदा माल बघायला यायचा ना? तो कुठे यायचा?" नव्या दुकानात! म्हणजे बँकेला माहीत होतं, आणि तिच्याकडेच त्याचे कागद होते. फक्त ते मागायचे होते, लेखी, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा होता. आवक शिक्का या गोष्टीचं महत्त्व मला सॉफ्टवेअरमधल्या इतक्या वर्षांत कुठल्याही लॉग फाईलने शिकवलं नाही.

दुसरा प्रश्न होता माल किती होता हा. वहीखातं जळालं, कॉम्प्युटर जळाला. इथे मात्र मी जरा कामाला आलो. काकांनी माल घेतलेला अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून, आणि त्या व्यापाऱ्यांनी आपापल्या जीएसटी रिटर्नमध्ये काकांच्या नावाने प्रत्येक बिल भरलेलं. पोर्टलवर जाऊन ते सगळं उतरवून घेता येतं. वर्षाच्या सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा विक्रीची मूळ किंमत, बरोबर आगीच्या रात्रीचा माल. शाळेत व्यापारी खातं शिकवतात तेवढंच. एक्सेलमध्ये शनिवार-रविवार घातले आणि दहा लाखांच्या आसपास आकडा आला. मग काकू बसली. डोळे मिटून सांगायला लागली, डाव्या भिंतीला वरून दुसरा कप्पा, तिथे दोनशे पानी वह्या, त्याच्या खाली जर्नल, त्याच्या बाजूला कंपास पेट्या… मी टाईप करत होतो. तिसऱ्या भिंतीपर्यंत नीट चाललं होतं. मग गल्ल्यावरच्या गणपतीपाशी आली आणि थांबली. तो कुठल्याच बिलात नव्हता.

नंतर वाचलं की कॅलिफोर्नियात वणव्याने ज्यांची घरं गेली, ते लोकसुद्धा नेमकं या यादीपाशीच मोडतात. जळालेल्या घरातल्या एकूण एक वस्तूची यादी करा, चमच्यापासून सोफ्यापर्यंत, कधी घेतली, केवढ्याला घेतली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरडाईज नावाचं अख्खं गाव जळालं, ८५ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या वणव्यांत सोळा हजारांवर इमारती गेल्या. पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे. १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा लागला, त्याच वर्षी तिथे युनायटेड पॉलिसीहोल्डर्स नावाची ना नफा संस्था सुरू झाली. तिचं बरंचसं काम पडदेवाल्या भाईंचंच: आधीच्या वणव्यात जळलेल्यांनी आत्ता जळलेल्यांना विम्याचं पत्र कसं वाचायचं ते सांगायचं. २०१७ मध्ये सांता रोझाच्या कॉफी पार्कमधली वस्ती जळाली तेव्हा तिथल्या रहिवाशांनी आपली संघटना करून गल्लीगल्लीला एकेक जबाबदार माणूस नेमला होता. श्रीमंत देश, वकिलांचा देश, आणि तिथेही लोकांना शेवटी शेजारीच लागला.

योगायोग असा की १९९१ मध्येच आपल्याकडे सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. भोपाळनंतरचा. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यात अपघात झाला आणि बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या घराचं नुकसान झालं, तर कारखान्याची चूक सिद्ध न करता त्याला दिलासा मिळायला हवा, त्यासाठी कारखान्याने आधीच विमा उतरवलेला असला पाहिजे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पाच वर्षांच्या आत. आणि असा अपघात झाल्याचं कळलं की जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःहून जाहीर करून लोकांकडून अर्ज मागवायचे, असं कलम ५ म्हणतं. रक्कम हास्यास्पद होती: मूळ कायद्यात मृत्यूला २५ हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला जास्तीत जास्त ६ हजार, आणि ती तीस वर्षं तशीच राहिली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यात बदलाची वाट मोकळी केली. पण रकमेचं सोडा. मी एमआयडीसीला लागून वाढलो. आमच्याकडे काचा फुटल्या, भिंतींना चिरा गेल्या, पण असा अर्ज करता येतो हे सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. सीपीसीबीच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात पहिला नंबर आला तारापूरचा, हे मात्र रिक्षावाल्यालाही पाठ आहे.

आत काम करणाऱ्यांचं वेगळंच. त्यांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी ईएसआय किंवा कामगार नुकसानभरपाई. स्फोटात जाणारा माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडहून आलेला. त्याची बायको तिसऱ्या दिवशी मृतदेह घेऊन गावी जाते. जाहीर झालेले लाख हे सानुग्रह अनुदान आहे, म्हणजे सरकारची मर्जी, आणि भरपाई हा वेगळा हक्क आहे, ती अजून बाकी आहे, हे तिला कोण सांगणार? तो इथे कामाला होता याचा पुरावा, गेटपास, हजेरी, पगाराचा फोनवरचा मेसेज, हे जपून ठेव असं कोण सांगणार? मुकादम? ज्या बाईने चार वर्षांपूर्वी हेच भोगलंय, ती सांगू शकते. ती आज कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

आणखी एक. औद्योगिक पट्ट्यांत कारखान्यांनी आपसात मदतीची सोय करून ठेवलेली असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला मार्ग हा गट प्रसिद्ध आहे: एकाकडे आग लागली की दुसऱ्याचा बंब, तिसऱ्याचा फोम धावतो. उत्तम व्यवस्था आहे. पण ती आग विझेपर्यंत. आग विझल्यावर माणसांसाठी असं काही का नसावं? मी काही संस्था काढा म्हणत नाही, आपल्याकडे संस्था काढली की आधी अध्यक्षपदावरून भांडणं होतात. ग्रामपंचायतीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि आधी यातून गेलेली दोन माणसं, महिनाभर. तहसीलदार कचेरीने फक्त त्यांचे फोन नंबर आगीच्या पंचनाम्यासोबत द्यावेत.

माझा एक मित्र म्हणतो, हे सगळं भाबडं आहे, यासाठी सल्लागार असतात, टक्केवारी घेतात, काम करून देतात. असतात ना. पण चार-पाच लाखांच्या दाव्यासाठी कुठला चांगला सल्लागार बोईसरला येतो? आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात वणव्याची ठिणगी येऊन कुडाचं घर आणि गवताची गंजी गेली, तर तिथे विमाच नसतो, सल्लागार कसला. तिथे शेजारी कारवी आणि गवत घेऊन येतात आणि घर पुन्हा उभं करतात. विमा म्हणजे मुळात तीच कल्पना की, सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं आणि ज्याचं जळेल त्याचं उभं करायचं. मध्ये कॉल सेंटर आल्यामुळे आपण ते विसरलोय.

भाई देव नाहीत, हेही सांगतो. त्यांनी एक सल्ला चक्क चुकीचा दिला. "यादी थोडी फुगवून द्या, ते कापणारच आहेत." काकांनी नकार दिला. माझा तेव्हा काकांवर थोडा वैताग झाला होता, पण बिलं आणि यादी तंतोतंत जुळत होती हेच पुढे उपयोगी पडलं. एक खोटा आकडा सापडला असता तर सगळाच दावा गेला असता. म्हणून म्हणतो, टेबलावर दोन माणसं हवीत. एकाची चूक दुसरा पकडेल.

शेवट काय झाला? कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र, त्याला पुन्हा नकार, मग विमा लोकपाल. इथे वकील लागत नाही, फी नाही, नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, लहान दुकानदारही जाऊ शकतो, आणि आता पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा मिळू शकतो. सुनावणीच्या आधीच कंपनीने पत्त्याचा मुद्दा सोडला. पण पैसे पूर्ण मिळाले नाहीत. माल होता दहा लाखांचा, विमा होता सहा लाखांचा, म्हणजे साठ टक्के. जळाला आठ लाखांचा, तर त्याचे साठ टक्के, चार लाख ऐंशी हजार. याला सरासरीचं कलम म्हणतात. कमी रकमेचा विमा काढणारा माणूस उरलेल्या जोखमीचा विमाधारक स्वतःच, असा त्यामागचा हिशेब. तर्क म्हणून मला पटतो. काकांना आजही पटत नाही. आगीपासून पैसे हातात येईपर्यंत चौदा महिने गेले.

(होमलोन घेतलेल्यांनी एक गोष्ट करा. आज रात्री आपली पॉलिसी शोधून त्यावरचा पत्ता आणि रक्कम वाचा. बँकेने तुमच्या जिवाचा विमा उतरवलाय की घराचा, तेही बघा, नव्वद टक्के जणांना माहीत नसेल असं मी पैजेवर सांगतो. एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना विकावी लागते. त्यात स्फोट, भूकंप, वणवा सगळं येतं, घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाख, आपोआप संरक्षण मिळतं, आणि वर सांगितलेलं सरासरीचं कलम तिला लागत नाही.)

काकांचं दुकान आता त्याच ओळीत पहिल्या गाळ्यात आहे. झेरॉक्सचं मशीन भाड्याचं आहे. काउंटरखाली त्यांची स्वतःची एक फाईल आहे, भाईंच्या फाईलपेक्षा जाड झालेली, आणि गेल्या दोन वर्षांत ते ती घेऊन तिघांकडे जाऊन आले. एकदा सफाळ्याला, एकदा मनोरला, एकदा इथेच सरावलीत. पोटभर चहा आणि शटलचं भाडं, एवढीच फी. काकू वैतागते, दुकान कोण बघणार म्हणून. मग स्वतःच दुकानात बसते.

परवा रात्री त्यांना पालघरहून फोन आला, एका टेलरचा. शिवायला आलेले लग्नाचे कपडे जळालेत, माल दुसऱ्यांचा, विमा स्वतःच्या नावावर. हा प्रकार काकांनाही नवीन आहे, म्हणून भाईसुद्धा येणार आहेत. मला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलंय. टेलरचा जीएसटीचा पासवर्ड त्याच्या सीएकडे आहे, आणि सीए लग्नाला नाशिकला गेलाय, सोमवारपर्यंत फोन उचलणार नाही म्हणे.